‘मिळाले’ आणि ‘घेतले’ : बटवड्याच्या कर्मचाऱ्याचे स्वतःचे पार्सल

१

पार्सलांचा बटवडा करणाऱ्या संस्थेतील कर्मचारी हाही कोणाचा तरी ग्राहक असतो. तोही वस्तू मागवितो; त्यालाही गावाकडून कागदपत्रे, कपडे, क्वचित लोणच्याची बरणी येते. आणि हे पार्सल त्याच्या दारी पोचण्यापूर्वी पुष्कळदा तो जेथे दिवसाचे आठ-दहा तास काम करतो त्याच केंद्राच्या फळीवर येऊन विसावते. पार्सल त्याच्या नावाचे आहे. तो त्यापासून चार हातांवर उभा आहे. त्याच्या खोलीवर ते स्वीकारण्यास या वेळी कोणी नाही, कारण स्वीकारणारा येथे दुसऱ्यांची पार्सले वाहत आहे. अशा स्थितीत त्याने ते फळीवरून काढून आपल्या पिशवीत घालावे की नाही?

प्रश्न वरवर किरकोळ भासतो. सामान्य माणसाची पहिली प्रतिक्रिया अशी असते, की ज्याचे त्याने घेतले, यात कोणाचे काय गेले? याच्या उलट, व्यवस्थापनाची पहिली प्रतिक्रिया ‘आपला हात जगन्नाथ’ या म्हणीत सामावलेली असते: वाढपीच पंगतीला बसला, की वाढण्याला हिशेब राहत नाही. या दोन प्रतिक्रियांच्या मध्ये कर्मचारी उभा असतो, आणि एका पार्सलापायी त्याच्यावर चोरीचा ठपका येऊन त्याची नोकरी जाऊ शकते. असा ठपका जेव्हा येतो तेव्हा तो शब्दांत येतो. त्याने पार्सल ‘घेतले’, ‘उचलले’, ‘काढून घेतले’, ‘परस्पर नेले’ अशा क्रियापदांनी त्याचे कृत्य वर्णिले जाते, आणि तो मात्र ‘मला माझे पार्सल मिळाले’ असे म्हणत असतो. दोन्ही पक्ष एकाच घटनेविषयी बोलत असतात, तथापि क्रियापदे भिन्न असतात. म्हणूनच हा प्रश्न जसा व्यवस्थापनाचा व कायद्याचा आहे तसा भाषाशास्त्राचाही आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे: बटवडा ही दोन स्थानांची क्रिया आहे, एक देणाऱ्याचे व एक घेणाऱ्याचे. ही दोन्ही स्थाने एकाच व्यक्तीने व्यापली तर क्रिया पूर्ण होत नाही. ती पूर्ण झाल्यासारखी केवळ दिसते. म्हणून कर्मचाऱ्याला त्याचे पार्सल कामाच्या ठिकाणी मिळण्यास मुळीच हरकत नाही. परंतु ते त्याला दुसऱ्या कोणाच्या तरी हातून मिळाले पाहिजे.

२

प्रथम पार्सलाचा प्रवास पाहू. आजच्या बटवड्यात वस्तूबरोबर तिची नोंदही प्रवास करीत असते. स्पीड पोस्टाच्या पाकिटावरील क्रमांक हे याचे परिचित उदाहरण. तो तेरा चिन्हांचा असतो: आरंभी दोन रोमन अक्षरे, मग नऊ अंक, आणि अखेरीस देशाची दोन अक्षरे. नऊ अंकांपैकी शेवटचा अंक आधीच्या आठांवरून गणिताने काढलेला असतो, जेणेकरून क्रमांक उतरविताना झालेली चूक ध्यानात यावी. खाजगी कुरिअर कंपन्यांचे क्रमांक निराळ्या धर्तीचे असले तरी तत्त्व तेच. पार्सल हबमध्ये उतरले, वर्गवारी होऊन गाडीत चढले, स्थानिक केंद्रात दाखल झाले, वाटपासाठी बाहेर पडले, अशा प्रत्येक टप्प्यावर स्कॅन होते. या स्कॅनांची साखळी म्हणजेच ‘पार्सल आता कोणाच्या हाती आहे’ या प्रश्नाचे लिखित उत्तर. शेवटची कडी म्हणजे पोच: सही, छायाचित्र, अथवा ग्राहकाने सांगितलेला ओटीपी.

पत्त्याच्या रचनेकडेही येथे लक्ष द्यावयास हवे. भारतात सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील अधिकारी असून संस्कृतचे कवी व पंडित होते. या सहा अंकांपैकी शेवटचे तीन अंक बटवडा करणारे टपालकार्यालय दर्शवितात. अर्थात पिनकोड माणसाच्या दारापर्यंत जात नाही. तो कार्यालयापाशी थांबतो, आणि तेथून दारापर्यंतचा प्रवास नाव, घर व गल्ली यांच्या आधारे पोस्टमन पुरा करतो. जो कर्मचारी त्याच कार्यालयात काम करतो त्याच्या दृष्टीने पार्सलाच्या प्रवासाचा अंकी भाग संपलेला असतो व शाब्दिक भाग तेवढा उरलेला असतो. ‘ते पोचले आहे’ असे त्याला मनापासून वाटते याचे हे एक कारण होय.

आता समजा, त्याने ते पार्सल स्कॅन न करताच घरी नेले. नोंदीच्या साखळीत शेवटची कडी ‘केंद्रात दाखल’ हीच राहील. काही दिवसांनी पार्सल गहाळ झाले असे धरले जाईल. विक्रेता पैसे परत करील अथवा दुसरी वस्तू पाठवील. आणि हा परतावा ज्याच्या नावाने होईल तो हाच कर्मचारी असेल. वस्तूही त्याच्यापाशी आणि पैसेही त्याच्यापाशी! त्याच्या मनात असे काही नसेलही. तो केवळ स्कॅन करण्यास विसरला असेल. परंतु विसरलेल्या प्रामाणिक माणसाची आणि न विसरलेल्या अप्रामाणिक माणसाची नोंद अक्षरशः एकसारखी दिसते. नोंदीला हेतू दिसत नाही.

उलटपक्षी, त्याने स्वतःच स्कॅन करून स्वतःच पोच नोंदविली तरी अडचण संपत नाही. पार्सलाची रक्कम वस्तू पोचल्यावर द्यावयाची असेल, तर पैसे देणाराही तोच आणि मोजून घेणाराही तोच. पार्सल फुटके निघाले, तर ते आधी फुटले की त्याने घाईने काढताना फुटले हे सांगणारा दुसरा कोणी नाही. शिवाय आपले एक पार्सल शोधण्यासाठी त्याला इतरांची शंभर पार्सले उलथीपालथी करावी लागतात. कोणाला कोठून काय आले हे अनायासे त्याच्या दृष्टीस पडते. मोठ्या गोदामांत फाटकावर बाहेर जाणाऱ्यांच्या पिशव्या तपासतात त्या वेळी त्याच्या पिशवीतील पार्सल, त्यावर नाव त्याचे असले तरी, गोदामातून निघालेले एक पार्सलच असते. म्हणून पुष्कळ ठिकाणी कर्मचाऱ्यांना आपल्या पार्सलाला हात लावण्याची मनाई असते. ती मनाई बहुधा अविश्वासापोटी आली असे कर्मचाऱ्यांना वाटते. वस्तुतः ती नोंदीच्या या आंधळेपणापोटी आलेली असते, आणि प्रामाणिक माणसाचे संरक्षणही तीच करते.

३

कायद्याने या प्रश्नाचा विचार ‘ताबा’ व ‘पोचविणे’ या दोन कल्पनांच्या आधारे केला आहे. १८९८ च्या भारतीय टपाल कार्यालय अधिनियमात अशी तरतूद होती, की वस्तू टपालाच्या स्वाधीन केल्यापासून पत्त्यावरील व्यक्तीस पोचेपर्यंत ती ‘प्रवासात’ आहे असे समजावे. आणि त्या व्यक्तीच्या घरी वा कार्यालयात, किंवा तिच्या नोकरास वा प्रतिनिधीस वस्तू देणे हे तिलाच दिल्यासारखे मानावे. प्रवासातील वस्तू चोरणाऱ्या, लपविणाऱ्या वा फेकून देणाऱ्या टपाल-कर्मचाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा याच अधिनियमाने सांगितली होती. हा अधिनियम आता राहिलेला नाही. २०२३ चा टपाल कार्यालय अधिनियम १८ जून २०२४ पासून त्याच्या जागी आला. तरीही जुन्या व्याख्येतील एक शब्दार्थाची गुंतागुंत विचारात घेण्याजोगी आहे. ‘पत्त्यावरील व्यक्तीच्या कार्यालयात’ दिलेली वस्तू पोचली असे मानावयाचे, तर पोस्टमनचे कार्यालय कोणते? टपालकार्यालयच! मग त्याच्या नावाची वस्तू टपालकार्यालयात येताक्षणीच त्याला पोचली असे म्हणावयाचे काय? शब्दशः तसा अर्थ निघू शकतो. पण तो घेतला तर पोस्टमनच्या बाबतीत बटवडा या क्रियेचाच लोप होतो. ‘कार्यालय’ हा शब्द तेथे जागेचा वाचक नसून संबंधाचा वाचक आहे. ज्या जागी मनुष्य टपाल स्वीकारणारा म्हणून उभा असतो ती जागा त्यात अभिप्रेत आहे. ज्या जागी तो टपाल वाटणारा म्हणून उभा असतो ती नव्हे. दोन्ही जागा एकाच छपराखाली असल्या तरी त्या दोनच होत.

मालविक्रीच्या १९३० च्या अधिनियमात तर आपल्या प्रश्नाला अगदी लागून असलेली एक तरतूद आहे. माल वाहकाच्या हाती दिल्यापासून खरेदीदाराने वा त्याच्या प्रतिनिधीने तो वाहकाकडून स्वीकारीपर्यंत माल वाटेत आहे असे धरतात. आणि ठरलेल्या ठिकाणी पोचण्यापूर्वीच खरेदीदाराने माल स्वीकारला, तर वाट तेथेच संपते. म्हणजे केंद्रातच पार्सल स्वीकारण्यात तत्त्वतः काही वावगे नाही. पण ‘वाहकाकडून’ हा शब्द निसटू देता कामा नये. पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला, खरेदीदाराचे दिवाळे निघाल्यास, वाटेतील माल थांबविण्याचा हक्क हाच अधिनियम देतो. तेव्हा वाट केव्हा संपली हा प्रश्न तिसऱ्या माणसाच्या हक्काशी जोडलेला आहे. तो कर्मचाऱ्याने एकट्याने, कोणासही न कळविता, ठरवावयाचा प्रश्न नव्हे.

ताब्याविषयी १८६० च्या दंडसंहितेत एक नियम होता: पत्नी, कारकून अथवा नोकर यांच्याजवळ धन्याच्या वतीने असलेली वस्तू धन्याच्याच ताब्यात आहे असे समजावे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ‘पत्नी’च्या जागी पती-पत्नी दोघांनाही लागू पडणारा शब्द आला, ‘कारकून अथवा नोकर’ हे शब्द मात्र कायम राहिले, आणि तात्पुरता नेमलेला मनुष्यही त्यांत धरला जातो. याचा आपल्या विषयाशी असलेला संबंध स्पष्ट आहे. कर्मचाऱ्याने स्वतःचे पार्सल हातात धरलेले असले तरी तो हात, कामाच्या वेळी, कंपनीचा असतो. पार्सल त्याच्या हातात आहे, पण त्याच्या ताब्यात नाही.

मनुष्य स्वतःच्याच वस्तूची चोरी करू शकतो काय? दंडसंहितेने दृष्टांतांच्या रूपाने या प्रश्नाचे उत्तर दिले होते. एकाने आपले घड्याळ दुरुस्तीला दिले. मजुरी बाकी नाही. तो दुकानात शिरून उघडपणे, बळजबरीने घड्याळ हिसकावून घेतो: इतर काही अपराध झाला असेल, पण चोरी झाली नाही. परंतु मजुरी बाकी आहे, कारागिराने तीपोटी घड्याळ कायदेशीरपणे अडवून ठेवले आहे, आणि ती हमी बुडविण्याच्या हेतूने मालक ते घेऊन जातो: ही चोरी होय, घड्याळ त्याचे स्वतःचे असूनही. चोरी ही मालकीविरुद्धच होते असे नाही. ती ताब्याविरुद्ध होते. ज्या पार्सलाची रक्कम अद्याप चुकती व्हावयाची आहे ते घेणाऱ्या कर्मचाऱ्याने हा दुसरा दृष्टांत ध्यानात ठेवावा.

हा विवेक पाश्चात्त्य कायद्याबरोबरच आला असे समजण्याचे कारण नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत ठेवींचे प्रकार सांगताना ‘उपनिधी’ वेगळा काढला आहे. आत काय आहे हे न सांगता, बंद पात्रात घालून दुसऱ्याच्या हाती सोपविलेली वस्तू म्हणजे उपनिधी. ती जशीच्या तशी परत केली पाहिजे. आजचे चिकटपट्टी लावलेले खोके म्हणजे उपनिधीच. वाहकाला आतील वस्तूशी कर्तव्य नाही. त्याचे कर्तव्य ते खोके ज्याच्या हाती ठेवावयाचे त्याच्या हाती जसेच्या तसे ठेवणे एवढेच.

४

आता व्याकरणाकडे वळू. ‘देणे’ या क्रियेला तीन सहभागी लागतात: देणारा, दिली जाणारी वस्तू, आणि ज्याला ती द्यावयाची तो. या तिसऱ्याला पाणिनींनी ‘संप्रदान’ ही संज्ञा दिली. कर्त्याचा रोख, कर्माच्या द्वारे, ज्याच्याकडे असतो तो संप्रदान. उत्तरकालीन टीकाकारांनी या संज्ञेचा अन्वर्थ घेऊन एक अट घातली: दान खरे तेव्हाच, जेव्हा देणाऱ्याचे स्वत्व निवृत्त होते व घेणाऱ्याचे स्वत्व उत्पन्न होते. म्हणून धोब्याला वस्त्रे दिली तर धोबी हा संप्रदान नव्हे. वस्त्रे धुऊन परत यावयाची असतात. तेथे संस्कृतात चतुर्थी न वापरता षष्ठी वापरावी, असे त्यांचे म्हणणे. महाभाष्यात मात्र गुरू शिष्याला चपराक देतो असा प्रयोग चतुर्थीनेच आलेला आहे, आणि चपराकीवर कोणाचेही स्वत्व नसते. म्हणजे ही अट सर्वांना मान्य होती असे नाही.

मराठीने हा भेद विभक्तीत ठेवला नाही. ‘धोब्याला कपडे दिले’ आणि ‘भावाला कपडे दिले’ यांत प्रत्यय एकच. त्याचप्रमाणे ‘कुरिअरला पार्सल दिले’ आणि ‘गिऱ्हाइकाला पार्सल दिले’. भेद स्पष्ट करावयाचाच झाला तर आपण हेतुवाचक क्रियारूप जोडतो: ‘कुरिअरला पार्सल पोचवायला दिले’. बटवड्याचा सारा व्यवहार या दोन ‘दिले’ंच्या मध्ये घडतो. पहिले ‘दिले’ धोब्याचे आहे: ताबा जातो, स्वत्व उत्पन्न होत नाही. दुसरे ‘दिले’ भावाचे आहे: त्याने क्रिया पूर्ण होते. स्वतःचे पार्सल फळीवरून काढणाऱ्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत नेमके काय बिघडते, हे आता सांगता येईल. कंपनीचा माणूस या नात्याने पहिले ‘दिले’ त्याला लागू आहे. पत्त्यावरील व्यक्ती या नात्याने दुसरे ‘दिले’ त्याला लागू व्हावयाचे आहे. दुसरे घडलेलेच नसते, आणि पहिल्याच्या बळावर तो दुसऱ्याचे फळ घेत असतो.

दुसरे ‘दिले’ त्याने स्वतःच का घडवू नये? मराठी वाक्यरचनेला विचारून पाहावे. ‘त्याने स्वतःला वेळ दिला’, ‘त्याने स्वतःला त्रास दिला’ ही वाक्ये चालतात. ‘त्याने स्वतःला पार्सल दिले’ हे वाक्य मात्र कानाला खटकते. वेळ किंवा त्रास ही हस्तांतर करण्याची वस्तू नाही, पार्सल आहे. मूर्त वस्तूच्या बाबतीत देणारा व घेणारा एकच असला, की मराठी ‘देणे’ टाकून ‘घेणे’ उचलते: ‘त्याने स्वतःसाठी पार्सल घेतले.’ आणि ‘घेणे’ या क्रियापदाला देणाऱ्याची गरजच नसते. वाक्यातून देणारा नाहीसा झाला, की व्यवहारातूनही तो नाहीसा झाला असे समजावयास हरकत नाही.

येथे कोणी म्हणेल, की एकाच व्यक्तीला दोन भूमिका असू शकतात. सकाळी कर्मचारी, सायंकाळी ग्राहक. हे अगदी मान्य आहे, आणि व्याकरणकारांनाही ते ठाऊक होते. मनुष्य स्वतःच स्वतःचा घात करतो अशा वाक्यात कर्ता व कर्म एकच कसे, या शंकेला महाभाष्यात उत्तर आहे ते असे, की तेथे आत्मे दोन मानावेत, अंतरात्मा व शरीरात्मा. दोन कारके हवीत तर त्यांना दोन स्थाने हवीत. एकाला दोन कल्पावे लागते. कर्मचाऱ्याच्या बाबतीत मात्र हे द्वैत नुसते कल्पून भागत नाही, ते पाहणाऱ्याला दिसावे लागते. कामाची वेळ संपणे, काउंटरच्या पलीकडच्या बाजूस येणे, पोचेवर सही करणे, या साध्या कृतींनी ते दिसते.

५

मराठी बोलणारा ही दोन स्थाने नकळत किती काटेकोरपणे जपतो, हे काही क्रियापदांवरून पाहण्यासारखे आहे.

‘मला पार्सल मिळाले’ यात ‘मी’ कर्तृस्थानी नाही. त्याला ‘ला’ लागला आहे आणि क्रियापद पार्सलाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. घटना माझ्याकडे आली, मी ती केली नाही, असा या रचनेचा भाव. ‘मी पार्सल घेतले’ यात कृती माझी. आरोपपत्रात ‘घेतले’ व खुलाशात ‘मिळाले’ असे जे आढळते ते यामुळेच: एक रचना कर्त्याला पुढे आणते, दुसरी त्याला मागे सारते. चौकशी करणाऱ्याने म्हणूनच क्रियापदावर न थांबता पुढचा प्रश्न विचारावा: मिळाले, तर कोणाकडून?

‘उचलणे’ हे क्रियापद अधिक धोक्याचे. ‘माल उचलला’ हा व्यापारातील निर्मळ प्रयोग आहे. कुरिअरच्या धंद्यात ग्राहकाकडून पार्सल नेण्याला कोणी ‘उचल’ म्हणाले तर त्यात दोष नाही. ऊसतोडीच्या वा वीटभट्टीच्या मजुराच्या तोंडी ‘उचल’ म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेली रक्कम. आणि ‘उचल्या’ म्हणजे भुरटा चोर. लक्ष्मण गायकवाड यांच्या १९८७ च्या आत्मकथनाचे तेच नाव. एकाच धातूच्या पोटी व्यापार, कर्ज व चोरी हे तिन्ही अर्थ नांदतात. ‘सदर कर्मचाऱ्याने पार्सल उचलले’ हे वाक्य लिहिणाऱ्याने कोणता अर्थ मनात धरला आणि वाचणाऱ्याने कोणता घेतला, हे त्या वाक्यावरून सांगता येणार नाही. माणसाची उपजीविका ज्या कागदावर अवलंबून आहे त्या कागदावर असे क्रियापद असू नये.

संयुक्त क्रियापदांत तर मराठीने हा सारा विवेक दोन अक्षरांत साठविला आहे. ‘काढून ठेवले’, ‘काढून घेतले’, ‘काढून दिले’ या तिहींत मुख्य कृती एकच, फळीवरून पार्सल काढणे. ‘ठेवले’ने वस्तू थबकते व तिचा पुढचा प्रवास अनिश्चित राहतो. ‘घेतले’ने कृतीचे फळ कर्त्याकडे वळते. ‘दिले’ने ते दुसऱ्याकडे वळते. सहकाऱ्याने ‘काढून दिले’ तर तो बटवडा. मी स्वतः ‘काढून घेतले’ तर ते केवळ घेणे. सायंकाळी नेता यावे म्हणून मी सकाळीच ‘काढून ठेवले’, तर मधल्या वेळात ते कोणाचे हे कोणीच सांगू शकत नाही. चुकीचा संशय पुष्कळदा या मधल्या वेळेतच उपजतो.

शेवटी ‘आपले’ हे सर्वनाम. ‘त्याने आपले पार्सल नेले’ यात ‘आपले’ म्हणजे त्याचे स्वतःचे. पण केंद्रातील माणसे ‘आज आपली पार्सले फार आहेत’ असे म्हणतात तेव्हा ‘आपली’ म्हणजे आम्हा सर्वांनी वाटावयाची. आणि आदराने ‘आपले पार्सल आले आहे’ म्हणतात तेव्हा ‘आपले’ म्हणजे तुमचे. स्वतःचे, आम्हा सर्वांचे आणि तुमचे, असे तीन अर्थ एका शब्दात. ज्याचे स्वतःचे पार्सल केंद्रात आले आहे त्याच्या बाबतीत ते तिन्ही अर्थांनी ‘आपले’ असते. या संदिग्धतेतून तो सुटतो कसा? कोणी तरी त्याच्याकडे पाहून ‘घ्या, आपले पार्सल’ असे म्हणतो तेव्हा. त्या क्षणी ‘आपले’चा अर्थ निश्चित होतो, कारण बोलणारा एक व ऐकणारा दुसरा असतो.

६

या विवेचनाचा व्यवहारात उपयोग काय? नियम लिहिण्यात. कामाच्या जागी नियम बहुधा फलकावर लावलेले असतात आणि त्यांची भाषा बहुधा या धर्तीची असते: ‘कर्मचाऱ्यांनी वैयक्तिक पार्सले परस्पर हस्तगत करू नयेत.’ मराठीत ‘परस्पर’चा व्यवहारातील अर्थ ‘योग्य मार्ग टाळून, मधल्याला न कळविता’ असा झाला आहे. संस्कृतात व हिंदीत मात्र त्याचा अर्थ ‘एकमेकांत’ असा आहे. भिवंडीसारख्या ठिकाणच्या गोदामांत काम करणाऱ्यांत हिंदी भाषा बोलणारे पुष्कळ असतात. असा मनुष्य लिपी एकच असल्यामुळे हा फलक वाचू शकतो, आणि त्याला अर्थ लागतो तो असा, की पार्सले एकमेकांकडून घेऊ नयेत! म्हणजे जी रीत योग्य तिचीच मनाई झाली, असे तो समजेल. आणि नियम पाळण्याच्या हेतूनेच स्वतःच्या हाताने पार्सल काढील. मग त्याच फलकाच्या आधारे त्याला दोषी ठरविले जाईल.

दुसरा दोष असा, की या वाक्यात केवळ नकार आहे. काय करू नये हे कळले. करावे काय, हे कळले नाही. ज्याची खोली दिवसभर बंद असते, ज्याचे पार्सल दोनदा दारावरून परत येऊन पाठविणाऱ्याकडे जाण्याच्या बेतात आहे, त्याला नुसता नकार पुरत नाही. मार्ग न दाखविणारा नियम माणसाला आडमार्गाला लावतो.

या ऐवजी नियम असा लिहिता येईल: ‘तुमच्या नावाचे पार्सल तुम्ही स्वतः शोधू नका, काढू नका, स्कॅन करू नका. कामाची वेळ संपल्यावर पर्यवेक्षकाकडे मागा. पर्यवेक्षक ते काढील, स्कॅन करील, पैसे बाकी असल्यास घेईल आणि त्याच दिवशी तुम्हाला देईल. तुम्ही पोचेवर सही करा. फाटकावर पोच दाखवा.’ वाक्ये लहान आहेत, प्रत्येक क्रियेचा कर्ता स्पष्ट आहे, आणि मुख्य म्हणजे ‘देईल’ हे क्रियापद त्यात आहे. ते आले, की कर्मचाऱ्याच्या मनाईबरोबर पर्यवेक्षकाचे कर्तव्यही लिहिले जाते. पर्यवेक्षकाचे स्वतःचे पार्सल आले तर? त्यालाही तोच नियम. त्याने दुसऱ्याकडे मागावे. पोस्टमनच्या फेरीत त्याचे स्वतःचेच घर येत असेल तर? दारात घरचे दुसरे माणूस असेल तर त्याच्या हाती देण्याने दोन स्थाने राहतात. कुलूप असेल तर कार्यालयातील सहकाऱ्याकडून ते घेणे इष्ट. पत्त्यावरच्या माणसाने कार्यालयात येऊन आपले टपाल मागून नेणे ही टपालातली जुनीच रीत आहे. ती कर्मचाऱ्याला उपलब्ध नसावी असे कोणतेही कारण नाही.

दान करताना या हाताचे त्या हाताला कळू नये, असे आपण म्हणतो. बटवड्यात ते याच्या नेमके उलट आहे. तेथे या हाताचे त्या हाताला कळलेच पाहिजे, आणि त्यासाठी हात दोन माणसांचे असले पाहिजेत. एवढे सांभाळले, तर बटवडा करणाऱ्या माणसाला आपले पार्सल चोरून पिशवीत घालावे लागणार नाही. दिवसभर ज्या रीतीने तो इतरांना ते देतो, त्याच रीतीने ते त्यालाही दिले जाईल.